दोरीचं पुढे काय झालं?

३ तारीख, मंगळवार

प्रिय जे कोण असशील ते,

मुकादमांनी बजावलंय की पत्रात आधी आवडी लिही, मग नावडी लिही, आणि विषय सोडून भरकटू नकोस. पहिल्या दोन गोष्टी जमतील. तिसरीचं काही खरं नाही. शाळेत गाईवर निबंध लिहायला सांगितला की मी गोठ्यावर जायची, गोठ्यावरून छपरावर, छपरावरून मांजरावर, आणि तेवढ्यात घंटा व्हायची. गाय राहूनच जायची. तशी मग शाळाही राहून गेली.

ह्या अदलाबदलीत मी पहिल्यांदाच आलेय, तेव्हा मला कळलंय ते बरोबर आहे का बघ. आपण सगळे अशा मालिकांचे वेडे, ज्या आपल्याशिवाय कुणी बघितल्याच नाहीत. वर्षातून एकदा मुकादम आपली पत्रं आपसांत वाटतात. माझं पत्र तुझ्याकडे, म्हणजे माझ्या मालिकेतल्या माणसांची नवी गोष्ट माझ्यासाठी तू लिहायचीस. मी तिसऱ्याच कुणासाठी. तू कोण हे सगळ्यांच्या हातात गोष्टी पडेपर्यंत मला कळायचं नाही. काही विचारायचं असलं तर मुकादमांच्या तोंडून विचारायचं. शाळेत कट्टी झालेल्या दोघी तिसरीला मधे घालून बोलायच्या ना, ‘हिला सांग माझी पट्टी परत दे,’ तसंच की हे! मला फार मजा वाटतेय. मी तुला ‘तू’ म्हणतेय. कुणी निवृत्त न्यायाधीश वगैरे असाल तर आत्ताच कान पकडते.

तर मालिका ‘सहा वाव’, वाव म्हणजे पाण्याची खोली मोजायचं माप. नऊ भाग झाले आणि बंद पडली. ती तू बघितलेली असणार, नाहीतर माझं पत्र तुझ्या वाट्याला आलंच नसतं. तरी माझ्या समाधानासाठी सांगते. बंदरात बुडालेल्या पडावांमधलं सामान वर काढणारी एक बाई, आणि ती खाली गेली की वर बोटीवर तिचा दोर धरून बसणारी दुसरी. मालिकेत त्यांना नावं आहेत, पण आपल्यात त्यांना बुडी आणि दोरीच म्हणतात असं कळलं. मी पण तेच म्हणत होते, कुणी शिकवलं नव्हतं तरी.

मला आवडतं ते दोरातलं बोलणं. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे ओढ वर. दुसऱ्या भागात बुडी अर्धाच हिसका देते आणि वर दोरी एकटीच हसते. का हसते, ते नऊ भागांत कुठे सांगत नाहीत. त्या अर्ध्या हिसक्यावर मी जेवढं डोकं चालवलंय तेवढं गणितावर चालवलं असतं तर आज आई माझ्याविषयी चारचौघांत बोलली असती. आणखी म्हणजे दोघी एकमेकींना काही विचारत नाहीत, पण बुडीच्या कानात पाणी गेलंय का हे दोरीला तिच्या मानेवरून कळतं. असलं तुला जेवढं घालता येईल तेवढं घाल.

नको ते असं. त्यांचं जमवू नकोस. मला प्रेमाचं वावडं नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांना त्या दोघींचं जमलेलंच हवंय, आणि त्यांच्या गोष्टी मी आवडीने वाचते, कधीकधी दोनदा. पण माझ्या गोष्टीत नको, कारण प्रेम आलं की सगळं फार सोपं होतं. ती का थांबली? प्रेम होतं. संपला विषय! मला तो विषय संपायला नकोय. तसंच त्या लहानपणी ताटातूट झालेल्या बहिणी निघायला नकोत. कुणी मरायला नको. शेवटी रडत मिठी तर नकोच, त्या बायका तसल्या नाहीत. मारलीच तर ओल्या कपड्यांनी मारावी आणि एकीने शिवी द्यावी.

आणि हवंय काय, तर नवव्या भागानंतरचं. बंदरात ते नवं यंत्र येतं, आपोआप गुंडाळणारं चाक आणि बुडीच्या टोपात टेलिफोन. दोर लागतच नाही. दोरी धक्क्यावर बसून दोराचं वेटोळं करते, पडदा काळा होतो आणि पाट्या सुरू. बास. पुढे काय? हे असं टांगून ठेवतात का माणसाला?

हे लिहिता लिहिता आईचा फोन येऊन गेला. मावशी महिनाअखेरीला गाळा हलवतेय, लांब, डोंगरापलीकडच्या शहरात. तू जाणार आहेस का तिच्याबरोबर, आई विचारत होती.

“कोण विचारतंय? ती की तू?” मी म्हटलं.

“ती कशाला विचारेल? तोंडाला कुलूप तिच्या. पण मला कळतं ना, माझी पाठची बहीण आहे.”

“बघू.”

“बघू म्हणजे काय? सगळा माल टेम्पोत चढला की मग बघणार?”

मावशी काचा बसवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, मोठमोठ्या. मी शाळा सोडल्यापासून तिच्या हाताखाली होते. मग कंटाळा आला आणि सोडलं. सध्या इथे एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते. ह्याचा तुझ्या गोष्टीशी काही संबंध नाही, बघ, गेलेच मी मांजरावर.

दुसरी मालिका सुचवायचा नियम आहे म्हणून ‘अर्धी खाट’. एक पाव भाजणारा आणि एक टेलिफोनवाला, एकच खोली आणि एकच खाट पाळीपाळीने वापरतात. एक उठून जातो, दुसरा येऊन झोपतो, उशीतला खळगा अजून गरम असतो. सहा भागांत मिळून चार वाक्यं बोलतात. हेही छान आहे. पण तू ‘सहा वाव’च घे ना.

वाट बघणारी,
घडीवाली

९ तारीख, सोमवार

प्रिय प्रश्नवाल्या माणसा,

मुकादमांनी तुझा प्रश्न जसाच्या तसा पाठवला. ‘यंत्र बिघडवू का? की नीट चालू दे?’

बिघडव! हा काय विचारायचा प्रश्न झाला? मला तर वाटलं होतं ते आपलं न बोलता ठरलंय. चाक अडकू दे, टेलिफोनमधून नुसती खरखर येऊ दे, धक्क्यावरची सगळी शहाणी माणसं एकमेकांची तोंडं बघू देत, आणि मग दोरी आपला जुना दोर खांद्यावर टाकून गर्दीतून वाट काढत येऊ दे. कुणाकडे बघायचं नाही तिने. बसायचं आपल्या जागेवर आणि ओढायचं. कानामागून आलं आणि तिखट झालं ते यंत्र, त्याची चांगली जिरव.

काल हे मी बडबडीला सांगितलं. बडबडी म्हणजे चादरीचं दुसरं टोक धरते ती. मोठ्या चादरीची घडी एकटीला येत नाही. दोघींनी चार कोपरे धरायचे, झटकायचं, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. दिवसभर आम्ही अशा एकमेकींकडे येतो आणि लांब जातो. तिला मालिका दाखवल्यापासून ती माझ्या डोक्यावर बसलीये.

“पण मला एक सांग,” ती म्हणाली, कोपरे देता देता, “यंत्र एकदा बिघडलं, हिने वाचवलं. पुढच्या आठवड्यात दुरुस्त होईल की नाही?”

“होईल.”

“मग पुन्हा ही धक्क्यावर?”

“पुन्हा बिघडेल.”

“दर आठवड्याला? अगं, मग ती बुडी तरी कशाला उतरेल पाण्यात? मी नाही उतरणार बाई. मी घरी बसून भाजी निवडेन.”

तिला काही कळत नाही. गोष्टीत एकदा बिघडलं की पुरतं.

मला यंत्रांचा राग नाही, गैरसमज नको. मावशीकडेही एक आलंय. चार चाकं, एक लांब हात, हाताला काच पकडणाऱ्या रबरी वाट्या. तशाच हातात धरायच्या वाट्या आम्ही वापरायचो, आम्ही त्यांना जळवा म्हणायचो, कारण चिकटल्या की सुटत नाहीत. आता ते यंत्रच सगळ्या जळवा घेऊन काच उचलतं, फिरवतं, चौकटीत नेऊन टेकवतं. एक माणूस कळ दाबायला असला की झालं. ते आलं त्या दिवशी मावशीने एका कपड्यांच्या दुकानाची पुढची अख्खी काच एकटीने बसवली. मी फुटपाथवर उभी. हात झटकत म्हणाली, “चला, आता एकटीचं काम झालं.” खूश होती. चहासुद्धा तिनेच सांगितला. मी त्याच आठवड्यात निघाले. म्हणजे कंटाळा आलाच होता, ते तुला सांगितलंच आहे.

हां, एक लिहायचं राहिलं. माझा सगळ्यात लाडका प्रसंग चौथ्या भागातला. धुकं पडलंय, धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, बुडी पाठमोरी उतरतेय, पाऊल कुठे टाकायचं तिला दिसत नाही. आणि वरून दोरी म्हणते, “मी बघतेय ना. तू ये.” बास, एवढंच. तेवढ्यावर ती पाठमोरी पाण्यात जाते. हे वाक्य गोष्टीत कुठेतरी येऊ दे, माझ्यासाठी. सगळी ‘सहा वाव’ मला त्या वाक्यात दिसते.

तुझा पुढचा प्रश्न येऊ दे. मला कुणी इतक्या बारकाईने कधी काही विचारलं नव्हतं. उद्या काय विचारशील ह्याचाच विचार करत आज दोन उशांचे अभ्रे उलटे चढवले.

घडीवाली

१५ तारीख, रविवार

प्रिय माणसा,

मुकादमांनी निरोप दिला तेव्हा मी हसलेच. ‘लेखकाचं म्हणणं आहे की चौथ्या भागात असं वाक्य नाही. दोनदा बघितलं. वेगळी प्रत आहे का?’

म्हटलं, हा कसला लेखक! मालिकेतलं सगळ्यात मोठं वाक्य ह्याच्या कानावरून गेलं. बडबडीला म्हटलं, चल, जेवणाच्या सुट्टीत दाखवते. कपड्यांच्या ढिगावर बसून आम्ही फोनवर चौथा भाग लावला. धुकं आलं. पायऱ्या आल्या. बुडी पाठमोरी उतरली. मी बडबडीच्या गुडघ्यावर हात मारला, आता ऐक म्हणून.

दोरी काही बोलली नाही. दोर सोडत राहिली फक्त. तोंडसुद्धा दिसत नाही तिचं त्या प्रसंगात.

“झालं का ते वाक्य?” बडबडीने विचारलं.

मी पुन्हा लावलं. मग तिसरा भाग बघितला, मग पाचवा, म्हटलं भागात चूक झाली असेल. जेवण राहिलं. दोरी नऊ भागांत कुठेही ते बोलत नाही. ती कुणाला ‘ये’ म्हणतच नाही. आणि मला तर तो आवाज ऐकू येत होता. थोडा घोगरा, शेवटचा शब्द जरा ओढलेला, घाई नसल्यासारखा.

तो आवाज मावशीचा आहे.

तुला नीट सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल हिला वेड लागलंय. मोठी काच दोघांनी उभी धरून न्यायची असते. एक सरळ चालतो, एक उलटा. उलटी चालणारी मी, पहिल्या दिवसापासून. माझ्या पाठीमागे रस्ता, खड्डे, सायकली, लोकांची पोरं, दुकानाची पायरी, आणि मला ह्यातलं काही दिसत नाही. समोर फक्त काच, आणि काचेपलीकडे मावशीचं तोंड. तिचे डोळे माझ्याकडे नसतात, माझ्या खांद्यावरून मागे असतात. ती बोलते, डावं, जरा डावं, थांब, उंबरा, उचल. माझ्या पहिल्या काचेला मी मधेच थिजले होते, पाय उचलेनात. तेव्हा तिने म्हटलं ते. त्यानंतर दर कठीण वळणावर म्हणायची. मी किती दुकानांत, किती जिन्यांवरून पाठमोरी गेले असेन, एकदाही मागे वळून बघितलं नाही.

आणि ते वाक्य मी उचलून दोरीच्या तोंडात कधी घातलं, मलाच कळलं नाही. तिने बिचारीने मागितलंही नव्हतं.

एक गंमत लक्षात आली. मला वाटत होतं मी दोरी आहे. जिला यंत्राने उठवलं ती. पण पाठमोरी उतरणारी तर बुडी असते. मग दोर माझ्या हातात होता की माझ्या कमरेला? दोन दिवस मी हेच उलटसुलट करून बघतेय. बडबडी म्हणते, “तू ना, कुठल्याही मालिकेत घुसशील आणि खुर्ची मागशील.”

आता तुझा दुसरा प्रश्न. तोही त्याच निरोपात होता, आणि खरं सांगू, वाक्याच्या धक्क्यापेक्षा त्यानेच जास्त झोप उडवलीये. ‘यंत्र कधीच बिघडलं नाही, तर दोरी बोटीवर काय करेल?’

माहीत नाही. मी कधी तसा विचारच केला नव्हता. मला फक्त ते बिघडायला हवं होतं. गरज लागली की बोलावतील, म्हणजे मान राहील. पण गरज लागलीच नाही तर? कुणी काम नसताना बोटीवर येऊन बसलं तर धक्क्यावरचे लोक काय म्हणतील? बुडी काय म्हणेल? की काहीच म्हणणार नाही? आणि दोरीने हातांचं काय करायचं? इतकी वर्षं दोर धरलेले हात, ते ठेवायचे कुठे?

मला हे खरंच जाणून घ्यायचंय. म्हणून माझी मागणी बदलते. मुकादम रागावतील, मुदत उलटून गेलीये म्हणतील, पण तू त्यांना सांग. यंत्र बिघडवू नकोस. चांगलं चालू दे, अगदी तेल घातल्यासारखं. आणि दोरीला तरीही बोटीवर आण. कशी आणायची ते तू बघ. मला येत नाही म्हणून तर तुला सांगतेय.

आईचा पुन्हा फोन आला होता. एकोणतीसला टेम्पो भरणार, तीसला सकाळी निघणार.

“तिला मदतीला दोन हमाल आहेत,” आई म्हणाली. “यंत्रही आहे. तशी तुझी काही गरज नाही म्हणा.”

“मग मला कशाला सांगतेस?”

“सांगायला काय झालं? मावशी आहे तुझी, रेल्वेचं वेळापत्रक नाही.”

मी धुलाईखान्यातून चार दिवसांची सुट्टी मागितलीये. जायचं ठरलं असं नाही. एक गोष्ट तिला तोंडावर विचारायचीये, की ‘एकटीचं काम झालं’ म्हणताना तिच्या मनात काय होतं. तुझी गरज उरली नाही असंच मनात होतं म्हणाली तर परत येईन, चादरी आहेतच. माहीत नसलेलं बरं, असं काही लोक म्हणतात. मला नाही झेपत ते.

घडीवाली

३० तारीख, सोमवार, सकाळी

प्रिय सुटलेलं बटण,

काल संध्याकाळी मुकादमांनी सगळ्यांची टोपणनावं उघडली, आणि तुझं निघालं ‘सुटलेलं बटण’. मी तुझ्याविषयी काय काय कल्पना केल्या होत्या, आणि तू निघालास नकली दात बनवणारा! दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या घासणाऱ्या माणसाने हे लिहिलं? म्हणूनच असेल बहुतेक. दोन जबडे जुळले नाहीत तर तुलाच कळत असणार आधी.

मी हे मावशीच्या गाळ्यात बसून लिहितेय. गाळा म्हणजे आता चार भिंती. काचा टेम्पोत उभ्या बांधल्यात, मधे घोंगड्या. यंत्रालाही दोर लावून बांधलंय. जमिनीवर सगळीकडे बारीक चकाकी, झाडून जात नाही ती कधीच. मावशी खाली टेम्पोवाल्याशी भांडतेय की गाठ अशी नाही तशी मारतात.

तुझी गोष्ट मी परवा येताना बसमध्ये वाचली. मग काल दुपारी मावशीला वाचून दाखवली. ठरवून नाही. परवा आल्यापासून आम्ही फक्त माल बांधत होतो, हे धर, ते सोड. काल दोघी दमून उपड्या बादल्यांवर बसलो. ती म्हणाली, “फोनमध्ये काय बघतेस सारखं?” मी म्हटलं, “कुणीतरी माझ्यासाठी गोष्ट लिहिलीये.” “तुझ्यासाठी? का? तू काय केलंस?” मग वाचावीच लागली.

दोरी रोज बोटीवर येते आणि कुणी तिला का आलीस म्हणत नाही, इथपर्यंत मावशी दाढेत बडीशेप धरल्यासारखी गप्प होती. मग ते आलं, टेलिफोनचं. दोरी सहज म्हणून तो कानाला लावते आणि खालून बुडी बोलायला लागते. इथे एक जिना आहे. त्याच्या पायऱ्यांवर मासे बसलेत, शाळेतल्या पोरांसारखे, एका रांगेत. इथे एक कपाट आहे आणि त्याचं दार अजून उघडतं. इतकी वर्षं दोरातून दोरीला फक्त ‘ठीक आहे’ एवढंच कळायचं. ती खाली काय बघते, हे ह्या यंत्रामुळे पहिल्यांदा कळलं. हे तुला कसं सुचलं? मी यंत्राकडे नुसता शत्रू म्हणून बघत होते. त्यात कान लावायची जागा होती, हे नऊ भागांत माझ्या डोक्यात आलं नाही.

वाचून झाल्यावर मावशी म्हणाली, “एवढं बोलते पाण्याखाली? हवा संपेल की तिची.”

“गोष्ट आहे गं.”

“गोष्ट असली म्हणून काय झालं, हवा ती हवाच.” मग थोड्या वेळाने, “त्यांचं लग्न का नाही लावलं? लावायला हवं होतं. दोघी चांगल्या आहेत.”

बघ, माझ्याच घरात निम्म्या लोकांपैकी एक निघाली!

मग मी विचारलं. ‘आता एकटीचं काम झालं’ असं तू म्हणालीस त्याचा अर्थ काय होता.

तिला आधी आठवेचना. कपड्यांचं दुकान, चहा, सगळं सांगितलं तेव्हा आठवलं.

“म्हणाले असेन. झालंच होतं की एकटीचं काम. तुझ्या मनगटाला जळवांनी गाठी आल्या होत्या, माझा खांदा वर जात नव्हता. चांगलं यंत्र मिळालं.”

“मग मी काय करायचं होतं?”

“मला काय माहीत? मी काम म्हटलं. जा म्हटलं का?”

“राहा पण नाही म्हणालीस.”

“अगं, तू राहतच होतीस!” एकदम आवाज चढला तिचा. “राहणाऱ्या माणसाला राहा कोण म्हणतं? सकाळी उठले तर तुझी गादी गुंडाळलेली. मला वाटलं पोरगी काचेला कंटाळलीच होती, सुटका झाली म्हणून पळाली. तुझ्या आईलाही तेच सांगितलंस तू, कंटाळा आला.”

  खाली कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होईपर्यंत आम्ही दोघी ऐकत बसलो, जणू तेच महत्त्वाचं होतं.

मला तेव्हा काय जाणवलं सांगू? आम्ही दोघी इतकी वर्षं समोरासमोर होतो, हातभर अंतरावर, आणि मधे कायम काच. डावं, उजवं, उंबरा. काच हातात असताना माणूस दुसरं काही बोलूच शकत नाही, आणि काच खाली ठेवली की आम्ही दमलेल्या असायचो. काल पहिल्यांदा आमच्या चारही हातांत काही नव्हतं.

मग तिने विचारलं, “तिकडे धुलाईखान्यात काय असतं?”

“चादरी.”

“ते कळलं. नीट सांग की. खोली केवढी? खिडकी आहे? काच कसली आहे तिला?”

मी सांगायला लागले. वाफेचं सांगितलं, बडबडीचं सांगितलं, घडी घालताना चालत जवळ यायचं ते उठून करून दाखवलं, घोंगडी घेऊन. तिने दुसरं टोक धरलं. तिला ते कोपरे देणं फार आवडलं, तीनदा केलं. मग धुलाईखान्याआधी मी आणखी कुठे कुठे होते ते तिने विचारलं, आणि प्रत्येक गावाच्या खिडक्यांबद्दल विचारलं. मधेच मी भरकटले की “मांजर सोड, पुढे सांग” म्हणायची. ती जेवणाचं विसरली. ती कधी जेवण विसरत नाही.

नव्या शहरात मी राहीन का, ते मला अजून माहीत नाही. माझा भरवसा तू देऊ नकोस आणि मीही देत नाही. धुलाईखान्याला कळवायचं आहे. यंत्र आहे, ते उत्तम चालतं, तिला तिथे माझी गरज पडणार नाही, हे आम्हा दोघींना पक्कं माहीत आहे. गंमत म्हणजे त्यामुळे हलकं वाटतंय. गरजेवर आले असते तर दुसरं यंत्र येईपर्यंतच टिकले असते.

मावशीने तुझ्यासाठी पुढच्या वर्षीच्या आवडी सांगितल्यात, लिहून घे म्हणाली. तिला लग्न हवंय, पाण्याखाली कमी बोलणं हवंय, बोटीला चांगल्या काचेची खिडकी हवी आहे आणि ती कशी बसवली ते सविस्तर हवंय. मी तिला म्हटलं, आधी अदलाबदलीत नाव घालावं लागतं, आणि तुलाही दुसऱ्या कुणासाठी तरी गोष्ट लिहावी लागेल. म्हणाली, “लिहीन की. त्यात काय, तू सांगत जा, मी लिहिते.”

टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. पुढे तिघांची जागा आहे. मी येतेय असं मी अजून म्हटलेलं नाही, आणि तिने विचारलेलंही नाही. आत्ता पाणी प्यायला खाली गेले तेव्हा बघितलं, माझी पिशवी पुढच्या सीटखाली सरकवून ठेवलेली आहे, खिडकीच्या बाजूला. मी ठेवलेली नाही.

मी ती काढलीही नाही.

तुझी,
घडीवाली